रोगाचं रक्त

"निघालं! रोगाचं रक्त निघालं!"

मुरुगनच्या देवळात एकच गलका उठला. तीनशे माणसं टाचा उंचावून पुढे रेटू लागली. गाभाऱ्यासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्याचे हळद फासलेले तळवे सगळ्यांच्या देखत तांबडेलाल झाले होते आणि मनगटांवरून लाल ओघळ उतरत होते. वेलमौनी स्वामींनी केलं होतं एवढंच, की विड्याचं पान तांब्यात बुडवून तीर्थ शिंपडलं. मग त्यांनी अर्धं लिंबू त्या तळव्यांवर पिळलं, काहीतरी पुटपुटले, आणि रक्त गेलं. तळवे परत पिवळे.

"डॉक्टर तुमचं रक्त काढून घेतो आणि रोग तुमच्यापाशीच ठेवतो," स्वामी हसत म्हणाले. "माझा मुरुगन रोगाचंच रक्त काढतो. आणि रिपोर्ट घ्यायला पुढच्या गुरुवारी या, असं म्हणत नाही!"

लोक हसले. बायकांनी डोळे टिपले. नावात मौन असलेला हा बाबा आल्यापासून आठ दिवसांत घटकाभरसुद्धा गप्प बसला नव्हता.

दाराशी बर्फाने ओले झालेले बूट काढत तवमलर हे बघत होती. तिचा देवावर राग नव्हता. उलट, नॉर्वेच्या उत्तर टोकाला या बंदरात मासळीच्या कारखान्यांत राबायला आलेल्या तमिळ माणसांनी जाळी ठेवायची जुनी वखार घेऊन देऊळ केलं, तेव्हा तिच्या भिंती तवमलरनेच रंगवल्या होत्या. दर शुक्रवारी ती मुरुगनला हार घालायची. पण नाताळ तोंडावर आला होता, कारखान्यात दुहेरी पाळ्या चालू होत्या, त्यामुळे आठवडाभर तिला इकडे फिरकता आलं नव्हतं. शुक्रवारी धाकट्या बहिणीचा, नळायिनीचा फोन आला होता, "अक्का, आपली आरणी बरी झाली!" तिला वाटलं, पोरीची सर्दी गेली असेल.

"आता साक्षात पुरावा बघा!" स्वामींनी हात उंचावला. "ये पोरी, ये. आठव्या वर्षापासून रोज सुया टोचून घेत होतीस ना? परवा आईने तुझी सगळी इंजेक्शनं माझ्या पायाशी आणून टाकली. तेव्हापासून किती सुया?"

"एकही नाही," आरणी म्हणाली.

तवमलरच्या हातातला बूट खाली पडला.

सोळा वर्षांची आरणी खांबाला धरून उभी होती. ओठ सुकून पांढरे पडले होते. एवढं बोलून तिने हातातली पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. पायाशी आणखी दोन रिकाम्या बाटल्या लोळत होत्या. उभ्या जागी ती जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती.

गर्दी कोपराने बाजूला सारत तवमलर तिच्यापाशी पोचली. पोरीच्या तोंडाला सडलेल्या सफरचंदासारखा गोडसर वास येत होता. हा वास तिने आठ वर्षांपूर्वी घेतला होता, त्या रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा 'मधुमेह' हा शब्द उच्चारला होता.

"सकाळपासून किती उलट्या झाल्या?"

"चार," आरणी पुटपुटली. "पण मावशी, स्वामी म्हणाले, विष बाहेर पडतंय."

तवमलरने तिथेच फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. मग आरणीला धरून दाराकडे निघाली, तर नळायिनी आडवी आली.

"अक्का, तुझ्या पाया पडते. दुपारच्या आरतीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर रोग दुपटीने परत येतो म्हणालेत स्वामी."

"नळा, पोरगी मरेल!"

"तू तिला आठ वर्षं टोचलंयस का? मी टोचलंय! रडत असताना टोचलंय! आता सुटलीये तर सुटू दे ना तिला!"

दारात देवळाचे कारभारी कुगदासन अण्णा आणि चार धट्टेकट्टे पुरुष हात बांधून उभे राहिले. "तवमलर, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. विधी मोडू नकोस."

"कोण ही बाई?" स्वामींनी नाक मुरडलं. "मासळीचा वास गाभाऱ्यापर्यंत येतोय. शुद्ध करून घ्या हिला!" आणि त्यांनी तीर्थात भिजलेलं पान तिच्या अंगावर झटकलं.

पाणी हातावर पडलं. तवमलरने पुसायला बोटं चोळली आणि ती थबकली. बोटं बुळबुळीत झाली होती, साबण लागल्यासारखी. ही बुळबुळ ती ओळखत होती. दर हिवाळ्यात कारखान्यात सुका कॉड मासा फुगवायला सोड्याच्या पाण्यात टाकतात, त्या पिंपांवर तिची वीस वर्षं गेली होती. पहिल्याच वर्षी, सकाळी मसाला वाटून आलेल्या पिवळ्या बोटांवर ते पाणी उडालं होतं आणि 'रक्त, रक्त' म्हणून ती किंचाळली होती. सबंध पाळी तिला हसली होती.

आरणीला तिने खांबाला टेकवून बसवलं. पायापासून डोक्यापर्यंत संताप चढत होता. चार ढांगांत ती गाभाऱ्यापाशी गेली आणि तिने स्वामींसमोरचा तांब्या उचलला.

"ठेव तो! भस्म होशील!"

"होऊ दे."

पूजेच्या ताटातली हळद तिने स्वतःच्या तळहाताला फासली आणि वर तीर्थ ओतलं. तळहात लाल झाला.

"बघा! मला कसलाही रोग नाही. गेल्याच महिन्यात तपासणी झालीये."

"लपलेला रोग असतो!" स्वामी ओरडले. "सात जन्मांचा!"

"असं का? मग याला कोणता रोग आहे ते सांग."

पूजेच्या सुरुवातीला हळदीच्या गोळ्याचा गणपती, पिल्लैयार, मांडलेला होता. तवमलरने त्याला नमस्कार केला आणि तांब्या त्याच्यावर उपडा केला. बघता बघता पिवळाधमक पिल्लैयार डोक्यापासून तळापर्यंत रक्ताळला.

स्वामी एक पाऊल मागे सरकले.

"सांग ना! पिल्लैयारला मधुमेह झालाय? का त्याचेही सात जन्म वाईट गेले?" ती वळली. "आणि तुम्ही गं बायांनो! लग्नात नवरानवरीला ओवाळायचं तांबडं पाणी कशाचं करता? कपाळाचं कुंकू कशाचं होतं? बोला की!"

मग देवळाचे म्हातारे पुजारी पुढे आले. त्यांनी पिल्लैयारखालच्या पाण्यात बोट बुडवलं, चोळलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हळद आणि चुना," ते म्हणाले. "मीच तर करतो ते पाणी. इथे चुन्याऐवजी सोडा आहे. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं." मग ते दाराकडे बघून गरजले, "कुगदासन, बाजूला हो! माझ्या देवळात पोर मारायची आहे का तुला?"

दार उघडलं. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबलीच होती. आरणीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती.

मागच्या खोलीत स्वामींच्या पिशवीत कपडे धुवायच्या सोड्याची दोन पाकिटं सापडली. स्वामी मात्र सापडले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराने ते अनवाणीच पसार झाले होते. पुजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं आणि दक्षिण नॉर्वेतल्या प्रत्येक तमिळ देवळात फोन लावला.

आरणी तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. "दोन तास उशीर झाला असता, तर आम्ही काही करू शकलो नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळायिनी भिंतीला पाठ लावून सगळं ऐकत होती. तवमलर तिच्या शेजारी जाऊन बसली.

चौथ्या दिवशी आरणीने डोळे नीट उघडले. कुशीवर वळून म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं मावशी, की सुटले मी." आणि ती रडायला लागली.

त्या रडण्याने तवमलरचा राग पुन्हा पेटला. पोरीच्या आशेवर त्या माणसाने धंदा मांडला होता, आणि तीनशे मोठी माणसं टाळ्या वाजवत होती.

पुढच्या शुक्रवारी आरती झाल्यावर पुजाऱ्यांनी तिला पुढे बोलावलं.

"स्वामी पळाला म्हणून खूष होऊ नका," ती म्हणाली. "तो एकटा होता, आपण तीनशे होतो. दार त्याने नाही, आपण अडवलं. हळदीचं पाणी लाल होतं हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ठाऊक असून एकीनेही विचारलं नाही, कारण देवळात प्रश्न विचारणं पाप वाटतं आपल्याला. हात जोडा, नवस बोला, मुरुगनपाशी रडा, मीही रडते. पण आजाऱ्याचं औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर तो कितीही मोठा असो, त्याला तिथल्या तिथे विचारा: का? तांब्यात काय आहे? दाखव. जो दाखवणार नाही, त्याला बाहेर काढा. आणि आपल्या पोरांना विचारू द्या. त्यांनी विचारलं म्हणून देव रागावणार नाही. रागावतो तो लबाड माणूस."

कुगदासन अण्णा खाली मान घालून उभे होते. बायकांच्या रांगेतून नळायिनी उठली आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या पोरीची इंजेक्शनं मी माझ्या हाताने नेऊन दिली. तुम्ही कुणी देऊ नका."