केयाने निवडलेली पुंगळी

मित्रांनो, मी पितळेची एक रिकामी पुंगळी आहे. रायफलच्या काडतुसातून गोळी सुटून जाते, दारू जळून जाते, आणि मागे पितळेचे जे कवच उरते ते म्हणजे मी. मला फेकून दिले गेले असते तर माझी तक्रार नव्हती. पण माझे भलतेच कौतुक झाले. ते कसे झाले, ते ऐका.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पितळेच्या चकतीला तापवून, दाबून, ओढून यंत्रांनी मला आकार दिला. माझ्याबरोबर हजारो बहिणी निघाल्या. एकाच साच्यातल्या, म्हणजे सगळ्या सारख्या, असे तुम्हांला वाटेल. तसे नसते. कुणाची मान एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ असते, कुणाचे वजन केसभर कमी असते. तो फरक डोळ्यांना दिसत नाही. तीनशे मीटरवरच्या कागदावर मात्र तो लख्ख दिसतो.

अमिरातीतल्या अल ऐन शहराच्या वाटेवर वाळवंटात एक नेमबाजीचा क्लब होता. तिथे मी आले. उपेंद्र नावाचे गृहस्थ दर शनिवारी दुबईतल्या करामाहून गाडी काढून मुलांना घेऊन तिथे येत. ते मूळचे पुण्याचे, आता एका विमा कंपनीत अधिकारी. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी नेमबाजी केली होती आणि ती अर्धीच राहिली होती. ती हौस त्यांनी मुलांवर सोपवली. थोरली केया, धाकटा रेयांश. रायफल एकच होती. दोघे आळीपाळीने तीच वापरत.

सामन्याला नेमबाज बाजारची काडतुसे घेत नसत. वापरलेल्या पुंगळ्या तपासून, निवडून, त्यांतच पुन्हा दारू आणि गोळी भरत. हे काम क्लबच्या खोलीत, हारुनभाईंच्या देखरेखीखाली चाले. हारुनभाई तिथले शस्त्रागार सांभाळत. निवडायला बसे ती केया.

तिचे निवडणे मला अजून आठवते. आधी ती एका कारखान्याच्या पुंगळ्या वेगळ्या काढी. मग एकेक काट्यावर ठेवून वजन बघे, मानेची जाडी सगळीकडून मोजी. टोक वाकवलेली एक बारीक तार ती आमच्या पोटात घाली आणि बुडाजवळ आतून फिरवी. वारंवार उडून पितळ तिथेच झिजते. तार जरा अडली, की ती पुंगळी भंगारात. ज्या धोक्याच्या नव्हत्या पण एकसारख्याही नव्हत्या, त्या सरावाच्या डब्यात जात. उरलेल्या थोड्या सामन्यासाठी. मी त्या थोड्यांतली एक होते.

"किती वेळ लावतेस गं?" उपेंद्र दारातून विचारत. "सगळ्या सेमच तर आहेत."

"They're not, Baba," ती मान वर न करता म्हणे.

रेयांश तेव्हा बाहेर सावलीत फोन बघत बसलेला असे. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला कंटाळा येई, एवढेच. हारुनभाई एकदा उपेंद्रना म्हणाले, "साब, लडकी के हाथ में आँख है." उपेंद्र हसले आणि म्हणाले, "लडके को भी सिखाओ ना."

आम्ही एकाच रायफलमधून पुन्हा पुन्हा उडालो. प्रत्येक बार उडताना आमचे अंग त्या रायफलच्या मापाचे होत गेले. केया नेम धरी तेव्हा श्वास सोडून क्षणभर थांबे, आणि त्या क्षणी मला वाटे, की मी उगाच घडले नाही.

मग क्लबने जाहीर केले, की परदेशातल्या एका सामन्याला एक तरुण नेमबाज पाठवायचा. जागा एकच. निवड चाचणी ठरली. केयाने आपली काडतुसे आमच्यापासून तयार केली. रेयांशने सरावाच्या डब्यात हात घालून जी आली ती पुंगळी घेतली. दोघांचे डबे सारखेच होते, निळ्या झाकणाचे, आत काडतुसांचा ट्रे, वर नावाच्या चिठ्ठ्या.

चाचणीच्या सकाळी केया नाव नोंदवायला गेली होती. टेबलापाशी उपेंद्र एकटेच होते. त्यांनी दोन्ही झाकणे उघडली. आमचा ट्रे उचलून रेयांशच्या डब्यात ठेवला, त्याचा केयाच्या डब्यात. झाकणे लावली. मग रुमालाने हात पुसले.

पहिली पाळी रेयांशची होती. तो पालथा झोपून नेम धरत होता आणि मला त्याच्या बोटांचा घाम लागत होता. मी काय करणार? मला ज्यासाठी निवडले होते तेच मी केले. माझी गोळी सरळ गेली. आम्हां सगळ्यांच्याच गोळ्या सरळ गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांत केयाही होती.

मग तिने आपला डबा उघडला. पहिल्याच ओळीत दुसऱ्या कारखान्याची पुंगळी होती. तिने ती उचलून बुडावरचा शिक्का वाचला आणि मागे वळून वडिलांकडे पाहिले. उपेंद्र जवळ आले.

"बाबा, ही काडतुसं माझी नाहीत."

"हळू बोल. रेयांशला कॉन्फिडन्स नाहीये गं, तुला माहितेय. त्याला एक चान्स मिळू दे. तू स्ट्राँग आहेस. तू काय, कशानंही मारशील."

"You switched our trays."

"आता सीन नको करूस. यल्ला, चल, तुझा नंबर आलाय."

पंच चार पावलांवर उभे होते. तिने तोंड उघडले असते तर रेयांश बाद झाला असता. तिने एकदा पंचांकडे पाहिले, आणि मग ती रायफलमागे आडवी झाली.

मी रिकामी होऊन ट्रेमध्ये पडले होते. तिथून मला तिचे बार ऐकू येत होते. तिच्यासारखा नेम त्या दिवशी कुणी धरला नसेल. पण दोन गोळ्या भरकटल्या, आणि ती एका गुणाने मागे पडली.

हारुनभाई पुंगळ्या गोळा करायला आले. तिच्या ट्रेमधली एक हातात घेताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ये तो प्रॅक्टिस का माल है. मॅच में किसने डाला?"

उपेंद्र रायफल पुसत होते. केया म्हणाली, "मेरी गलती, हारुनभाई."

परतताना ती रेयांशला एवढेच म्हणाली, "Did you know?" त्याने इअरफोन कानात घातले. घरी त्यांच्या आईने, लतिकाने, सगळे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "भाऊच आहे ना. घरातलं घरातच राहिलं."

परदेशच्या सामन्याआधी उपेंद्रनी नव्या पुंगळ्यांची पेटी आणून क्लबच्या टेबलावर ठेवली. "केया, तेवढ्या निवडून दे. तुझा हात बसलाय."

तिने एक पुंगळी उचलली. सवयीने बोटांत फिरवली, आणि मग अलगद खाली ठेवली.

"रेयांशला सांगा. He's the shooter."

त्यानंतर ती क्लबमध्ये आली नाही. उपेंद्रनी चष्मा लावून स्वतः निवडल्या. रेयांश त्या सामन्यात शेवटून दुसरा आला. वर्षभरात तो शिकायला कॅनडाला गेला, रायफल विकली गेली. आता केया हमरिया फ्री झोन या उद्योग वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासते, शारजात भाड्याने राहते.

आणि मी? उपेंद्रनी हारुनभाईंकडून चाचणीच्या पुंगळ्या मागून घेतल्या. मखमलीवर बसवून काचेची चौकट केली. खाली पट्टी लावली: 'रेयांश, निवड चाचणी, प्रथम'. ती चौकट दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगली.

गेल्या दिवाळीत फराळाला प्रकाश आणि शोभना हे स्नेही आले. केयाही आली होती. प्रकाशकाकांनी चौकटीजवळ जाऊन विचारले, "या पुंगळ्या म्हणे निवडाव्या लागतात. कोण निवडायचं?"

"घरीच," उपेंद्र म्हणाले. "आम्हीच निवडायचो."

केया चकल्यांची बशी घेऊन उभी होती. "काका, मी निवडायचे," ती म्हणाली. "या माझ्या आहेत."

उपेंद्र मोठ्याने हसले. "हो हो, ही मदत करायची ना त्याला."

"चहा घ्या, गार होतोय," लतिका म्हणाली.

केयाने बशी टेबलावर ठेवली, चप्पल घातली आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती या घरात आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हांला सांगतात, की आमची निगा राखा, आम्हांला धूळ खात ठेवू नका. मी तसे सांगणार नाही. माझी निगा भरपूर राखली जाते. दर रविवारी उपेंद्र चौकट उतरवतात, काच काढतात आणि मऊ फडक्याने मला सोन्यासारखी चकचकीत करतात. त्या वेळी त्यांचा फोन शेजारच्या टीपॉयवर पडलेला असतो. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर त्यांना एवढे सांगा, की पुंगळीला पुसायची गरज नाही. केयाला फोन करा.