माशांना आवडलेलं कीर्तन

भल्या पहाटे घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यात त्याहून दाटी. शेकडो मासे तोंड वर काढून ओठांची उघडझाप करत होते आणि काठावर नवे महाराज गात होते.

"पाहा! मुके जीवही नाम घेताहेत!"

माणसं डोळे पुसत होती. मीही टाळ घेऊन बसलो होतो. कीर्तन म्हटलं की मला घरी राहवत नाही. महाराजांचा सूर तालाशी अबोला धरून होता, पण माशांची तक्रार नव्हती.

ऊन चढलं की महाराज मौनात जात. म्हणे, सूर्यापुढे मासे लाजतात. मंडप आणि कर्णे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या स्टार्च कारखान्याने फुकट दिले होते. काय ती भक्ती!

इथवर गंमत होती. पण माझी थोरली बहीण याच घाटाचं पाणी बाटलीत भरून नेऊ लागली. तिच्या नातीला जुलाब लागले होते. डॉक्टरांचं औषध फडताळात आणि हे 'तीर्थ' पोरीच्या पोटात. पोर सुकत चालली होती.

"ताई, निदान उकळून तरी द्या हो," माझी बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"उकळलं की त्यातलं नाम उडून जातं, महाराज म्हणाले. तुझी पुस्तकं तुझ्यापाशी ठेव!"

दुसऱ्या पहाटे बायकोने ताईला हाताला धरून घाटावर आणलं. महाराज यायचे होते, तरी मासे तोंड उघडून हजर!

"महाराज अजून दाढी विंचरताहेत. मग हे ऐकताहेत कुणाला?" असं म्हणून बायकोने खणखणीत आवाजात सतराचा पाढा सुरू केला. माशांची भक्ती तसूभर ढळली नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मग तिने जाळीने एक मासा धरून घाटाच्याच पाण्याच्या बादलीत सोडला. तो तिथेही आ वासून वरच राहिला. दुसऱ्या बादलीत कारखान्याच्याही वरून, बंधाऱ्याखालून आणलेलं पाणी होतं. मासा त्यात टाकला. थोड्या वेळाने त्याने तोंड मिटलं आणि तो तळाशी गेला.

तेवढ्यात महाराज आले. बादलीवर वाकून तार सप्तकात गायले. मासा ढिम्म.

"हा मासा नास्तिक आहे!" महाराज गरजले.

"नाही हो, त्याला श्वास मिळालाय," बायको म्हणाली. "बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात हवा मिसळते. पुढे कारखान्याची घाण येते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे मासे गुदमरून वर येतात. ऊन पडलं की वनस्पती पुन्हा प्राणवायू सोडतात आणि मासे खाली जातात. ताई, हे नाम नाही, ही धाप आहे. आणि ही घाण तुम्ही पोरीला पाजताय."

ताईने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. ती तिथेच उलटी केली आणि तडक डॉक्टरांकडे निघाली. पोर आता पुन्हा घर डोक्यावर घेते.

त्या सकाळी घाटावरची गर्दी कारखान्याच्या फाटकाशी जमली. महाराज मात्र ऊन चढण्याआधीच मौनात गेले, सामानासकट.

मी आजही कीर्तनाला जातो, टाळ कुटतो, रडतोही. देवावर भरवसा खुशाल ठेवा. फक्त पोराच्या तोंडाशी भांडं नेण्याआधी विचारा, हे पाणी आलं कुठून? असं विचारल्याने देव रागावत नाही. कुणी रागावलंच, तर समजा ते महाराज आहेत.