मशीन बंद ठेवण्याची सही

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळा तिने सातवीतच सोडली होती, पण गेल्या चौदा वर्षांत कापणीच्या मशीनवर आलेलं प्रत्येक नवं माणूस तिच्याच हाताखाली शिकलं होतं. त्यातले तीन पुरुष पुढे तिचेच साहेब होऊन गेले.

‘महिला नेतृत्व प्रशिक्षण’ निघालं, तेव्हा बायकांनी पहिलं नाव तिचं दिलं. तीन आठवडे, रोज दोन तास, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. शिकवायला बाहेरून आलेल्या बाई मनापासून शिकवायच्या. ‘निर्णय घ्यायला घाबरू नका,’ असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, ते मास्तरणीने वहीत उतरवून घेतलं. शेवटी प्रमाणपत्र, फोटो, टाळ्या झाल्या आणि ती कापणी विभागाची पर्यवेक्षक झाली.

सासूबाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. “म्हणजे आता तू हुकूम सोडणार?”

“सोडणार की!”

“मग ते हुकूम तिकडेच ठेवून येत जा गं बाई. घरात मी आहे!” दोघी पोट धरून हसल्या.

आठवडाभरातच तिला कळलं, की आपल्या तोंडाला पानं पुसली आहेत. हजेरी तिची, भांडणं मिटवणं तिचं, माल उशिरा गेला तर बोलणी खाणं तिचं. पण दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवायचं, तर कागदावर सही फक्त विभागप्रमुखाची.

आणि दुरुस्ती तर हवीच होती. पात्यासमोरची जाळी पूर्ण खाली येत नव्हती, वीतभर वर अडकायची आणि पातं तरीही पडायचं. तिने विभागप्रमुखाला सांगितलं. “ऑर्डर जाऊ दे, मग बघू.” दोन दिवसांनी पुन्हा सांगितलं. “तुम्ही फार घाबरता बुवा.” तिसऱ्यांदा लिहून दिलं, तर त्याने तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी चिमणी किंचाळली. विभागातली सगळ्यात लहान पोर, येऊन चार महिने झालेली. हातमोज्याचं टोक कापून खाली पडलं होतं. बोट वाचलं होतं, नखभर अंतराने.

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल बटण दाबलं, भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला आणि फिटरला हाक मारली. “जाळी दुरुस्त कर.”

“सही कुठाय?”

“माझी घे.”

“तुमची चालत नाही, ताई.”

“हिचा हात गेला असता, तर कोणाची चालली असती?”

फिटरने चिमणीकडे पाहिलं. ती जमिनीवर बसून आपली बोटं पुन्हा पुन्हा मोजत होती. त्याने पाना उचलला.

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. नऊ दिवस मिळाली नव्हती ती चाळीस मिनिटं!

दुपारी व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. टेबलावर मेमो तयार होता. “कोणाला विचारून मशीन थांबवलं?”

“निर्णय घ्यायला तुम्हीच शिकवलंत, साहेब.”

“ते प्रशिक्षणात असतं. इथे पद्धत असते. चूक झाली एवढं लिहून द्या, विषय संपला.”

“चूक झालीच आहे. नऊ दिवस थांबले, ही माझी चूक. तेवढं लिहिते.”

तिने तेच लिहिलं. कोणत्या तारखेला कोणाला सांगितलं, तो काय म्हणाला, हेही लिहिलं. एरवी संध्याकाळी शाळा सुटल्यासारख्या बायका फाटकातून बाहेर पडायच्या. त्या दिवशी एकही हलली नाही. तिच्याबरोबर प्रशिक्षण घेतलेल्या अकरा जणींनी तिच्या मजकुराखाली सह्या केल्या. चिमणीची बारावी. मग फिटर आला, “मलाही जागा ठेवा,” म्हणाला.

पंधरा दिवसांनी लेखी आदेश निघाला: धोका दिसल्यास पर्यवेक्षकाने मशीन थांबवावं आणि स्वतःच्या सहीने दुरुस्ती करून घ्यावी. विभागप्रमुखाला कोणी एका शब्दानेही विचारलं नाही. उलट कारखान्याच्या पत्रिकेत तिचा फोटो झळकला. ‘आमच्या प्रशिक्षणाचं यश!’

पुढच्या तुकडीसमोर दोन गोड शब्द बोलायला तिला बोलावलं, तेव्हा व्यवस्थापक पहिल्या रांगेत हसत बसले होते. ती उभी राहिली. “गोड बोलायला मला जमत नाही,” ती म्हणाली. “चला खाली. मशीन कसं थांबवायचं ते आधी शिकवते. आणि त्याबद्दल मेमो आला, तर उत्तर कसं लिहायचं तेही.”

खुर्च्या सरकल्या. वीस बायका तिच्यामागून जिना उतरल्या.

तिच्या फायलीतला मेमो कोणी काढलेला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ती कार्यालयात जाते आणि विचारते, “काढला का?” ते म्हणतात, “बघू.” ती म्हणते, “बघा, मी येतेच आहे.”