हयातीचा अर्ज

"अहो, हे मला नुसतं बटन, बटन म्हणतंय. कसलं बटन ते कोण सांगणार?"

फोनवरचा आवाज म्हातारा होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. फॉर्मवाल्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, "हिरवं बटन दाबा, आजी. खाली, उजव्या बाजूला."

"हिरवं म्हणे! मला दिसत असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

फॉर्मवाल्यांनी आपल्या पडद्यावरच्या हिरव्या बटनाकडे पाहिलं.

पेन्शन कार्यालयाच्या संगणक विभागात त्यांना एकवीस वर्षं झाली होती. वेबसाइटवरचे सगळे अर्ज त्यांच्या हातचे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांब राहायची, रविवारी फोन करून "बरं आहे ना?" विचारायची आणि "बरं आहे" ऐकून ठेवून द्यायची. हयातीचा अर्ज मात्र त्यांचा लाडका होता. पेन्शनरांनी वर्षातून एकदा तो भरून आपण जिवंत असल्याचं कळवायचं. दोनच रंग, रेखीव चौकटी. साहेबसुद्धा एकदा "छान दिसतोय" म्हणाले होते.

"शेजारच्या कुणाकडून भरून घेता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं भाचा भरायचा. तो गेला परदेशी. शेजारीणही भरेल. पण मी जिवंत आहे, हेही दुसऱ्यानेच सांगायचं का हो?"

शनिवारी सुट्टी होती. घरी तरी काय करायचं होतं? फोनवरच्या बाईंनी दिलेला पत्ता शोधत ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. डोळे उतारवयात गेले होते, पण संगणक नेटाने शिकल्या होत्या. माउस खणात पडला होता. बोटं सगळी कळफलकावर. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज इतक्या झपाट्याने बोलत होता की फॉर्मवाल्यांना एक शब्द कळेना.

"जरा हळू करता का?"

"करते हो, तुमच्यासाठी." बाईंना मजा वाटली. "आता डोळे मिटा आणि ऐका."

त्यांनी डोळे मिटले. "चित्र. लिहायची जागा. लिहायची जागा. लिहायची जागा. बटन. बटन." हा त्यांचाच अर्ज होता. नाव, जन्मतारीख हे शब्द पडद्यावर चौकटींच्या शेजारी छान मांडले होते, पण आत कोडमध्ये ते चौकटीला जोडलेच नव्हते. बाईंनी अंदाजाने रकाने भरले. काहीतरी चुकलं, चौकट लाल झाली, आवाज मात्र मुका. मग आली चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं, ओळखून लिहायची. त्यात वेळ संपला आणि अख्खा अर्ज कोरा झाला.

"नऊ वेळा असंच झालं," बाई म्हणाल्या. "मग तुम्हाला फोन लावला."

फॉर्मवाले ओशाळले. बाई रागावल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

सोमवारी साहेबांनी खांदे उडवले. "असे कितीसे लोक असणार? आजवर कुणाची तक्रार आलीय का?"

"तक्रारीचा अर्जही मीच बनवलाय, साहेब. तोही असाच आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं. रोजचं काम सांभाळून काय ते करा. आणि तोही घ्या हातात."

पुढचे दोन आठवडे ते झपाटल्यासारखे कामाला लागले. एकेका चौकटीला तिचं नाव बांधलं. चुकलं तर रंगाबरोबर शब्दही उमटतील, आवाज ते वाचेल, अशी सोय केली. वाकडी अक्षरं काढून फोनवर आकडे ऐकवून ते भरायची पद्धत आणली. वेळ संपण्याआधी "आणखी वेळ हवा का?" असं पान विचारू लागलं. मग पडदा बंद करून, एका चौकटीतून पुढच्या चौकटीत नेणाऱ्या नुसत्या टॅबच्या बटनावर, ते स्वतःच्याच अर्जात चाचपडत फिरले. अडले की बाईंना फोन. पहिला फोन दोन मिनिटांत आटोपला. नंतरच्यांत बाई वर्गातल्या वात्रट मुलींच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि एकदा फॉर्मवाले बायकोबद्दल बोलून गेले. तिच्याबद्दल ते कितीतरी दिवसांत कुणाशी बोलले नव्हते.

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते बाईंकडे गेले आणि हात मांडीखाली दाबून बसले. मदत करायची नव्हती.

"जन्मसालात चार आकडे हवेत," आवाज म्हणाला.

"घ्या! गणिताच्या बाईला आकडे शिकवतोय!" बाई खळखळून हसल्या. त्यांनी राहिलेला आकडा घातला, शेवटपर्यंत गेल्या, एंटर दाबलं.

"अर्ज मिळाला. आपण हयात असल्याची नोंद झाली आहे."

बाईंनी तेवढं वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मान ताठ ठेवून ऐकलं.

निघताना फॉर्मवाले म्हणाले, "पुढच्या वर्षी काही अडलं तर..."

"अडेल कशाला? चोख केलंय तुम्ही." उत्तरपत्रिकेवर पैकीच्या पैकी गुण द्यावेत तशा त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी काम सुरू करताना स्वतःच नोंदवलेली बाईंची तक्रार उघडली. 'काय केले' या रकान्यात लिहिलं : अर्जदाराने अर्ज स्वतः भरला. 'स्वतः' या शब्दाकडे ते जरा वेळ बघत राहिले.

खाली शेवटचा प्रश्न होता, कधीकाळी त्यांनीच घातलेला : तक्रारदाराशी पुन्हा संपर्क आवश्यक आहे का?

टॅब दाबत ते 'होय'वर गेले, मग 'नाही'वर, परत 'होय'वर. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी जेवायला चला म्हणत होतं, दुसऱ्या कुणाला तरी.

अर्जापुरतं खरं उत्तर एकच होतं. त्यांनी 'नाही' निवडलं.