दुसरं सिम

"हा घे तुझा फोन, आणि माझा जुना बटणांचा परत दे," तुकिनेम आजींनी कापडी पिशवीतून मोबाईल काढला आणि काउंटरच्या काचेवर आपटला. "फोन आहे की दगड? लेबारानची ईद होऊन तीन दिवस झाले, पोराचा एक फोन नाही. शेजारणीच्या पोराचा आला, पोरीचा आला, सोडून गेलेल्या जावयाचासुद्धा आला. माझाच तेवढा मुका!"

वार्सितोच्या हातात झाडू होता. दुकान खरं तर सोमवारपर्यंत बंद होतं. शटर अर्धं वर करून तो नुसता धूळ झटकायला आला होता, म्हणजे घरच्यांना त्यानं तसं सांगितलं होतं. घरात बसवत नव्हतं हे खरं कारण होतं.

"बसा आजी. आज सुट्टी आहे माझी."

"मग सुट्टीतच बघ. झाडायला काय, नंतरही येतं."

आजींनी लाकडी स्टूल ओढलं, पिशवीतून भाताच्या कुरकुरीत वड्यांचा डबा काढला आणि उघडून त्याच्यापुढे सरकवला. म्हणजे आता काम केल्याशिवाय सुटका नव्हती.

बाजाराच्या तोंडाशी असलेल्या या हातभर रुंदीच्या दुकानात वार्सितोनं बावीस वर्षं काढली होती. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, तंबाखूच्या शेतात चिखलात पडलेले फोन, सगळे त्याच्याकडे यायचे. वरच्या डोंगरातल्या पाच-सहा वाड्यांत अशी एक म्हातारी नसेल, जिच्या फोनमधले आकडे वार्सितोनं मोठे करून दिले नव्हते. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसे. "तक्रार फोनची कधीच नसते," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "तक्रार असते माणसाची. सेटिंग बघायला डोळे लागतात."

घरी बसवत नव्हतं, त्याचं कारण त्याचा धाकटा भाऊ पार्योनो. लेबारानच्या सकाळी नमाज झाली की धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, गुडघ्यावर बसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकायचं, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागायची. थोरल्यानं घरात बसून राहायचं. लांबचे असतील ते फोन करतात, पण करायचा तो धाकट्यानंच. वार्सितो गेली पाच लेबारान नवी लुंगी नेसून, काळी टोपी घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसत होता आणि फोन हाताशी ठेवत होता. पुतणे यायचे, भाचे यायचे, शेजारची पोरं खिसे भरून बिस्किटं न्यायची. पार्योनोचा फोन मात्र कधी आला नाही.

या वर्षीही दुपारपर्यंत तो जागचा हलला नव्हता. बायको कास्मिनी नारळाच्या रसातल्या कोंबडीचं पातेलं तिसऱ्यांदा गरम करून आली आणि म्हणाली, "तुम्हीच लावा ना एकदा. बोटं झिजणारेत का?"

"मी थोरला आहे."

"मग बसा थोरले होऊन. कोंबडी आटली सगळी."

भांडण झालं होतं आई गेली तेव्हा. पार्योनो समुद्रापलीकडे कालिमंतान बेटावर ताडतेलाच्या मळ्यावर मुकादम होता. आई पहाटे गेली. वार्सितोनं फोन केला तेव्हा पार्योनो, आईच्या आजाराचं कळल्यामुळे, आधीच बोटीत होता. "दादा, दुपारी बंदरात उतरतो. अकराऐवजी तीनला माती दे, चारच तास थांब. मला तिचं तोंड बघू दे," तो म्हणाला होता. मशिदीचे इमामही म्हणाले, की तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दफन केलं तरी चालेल, कुणी बोट ठेवणार नाही. पण कबर खणून झाली होती, माणसं जमली होती. आणि खरं सांगायचं तर, तीन वर्षांतून एकदा घरी येणाऱ्या भावासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं, हेच वार्सितोला सलत होतं. आईचं हगणं-मुतणं दीड वर्ष काढलं ते त्यानं आणि कास्मिनीनं. अकरा वाजता त्यानं माती दिली. पार्योनो तीनला पोचला.

रात्रीच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर पार्योनोनं जेवणाचं ताट दूर सारलं. "चार तास, दादा. चारच तास मागितले होते मी." वार्सितो गरजला, "बोटीचं वेळापत्रक बघून मेलेल्यांना झाकायचं का? चालता हो. या घरात परत पाऊल ठेवू नकोस." तो खरोखरच चालता झाला. वार्सितोला वाटलं होतं, दारापर्यंत जाईल आणि वळेल.

राग दोन-तीन महिन्यांत ओसरला. उरलं ते वाट बघणं. त्याच सुमारास वार्सितोनं दोन सिमांचा फोन घेतला होता. पहिल्या खाचेत दुकानासाठी काढलेला नवा नंबर घातला, व्हॉट्सअॅप वगैरे सगळं त्याच्यावर. दुसऱ्या खाचेत जुना नंबर. जुन्यावर आता बँकेचे निरोप सोडले तर काही येत नसे. कास्मिनी म्हणायची, टाका बंद करून. पण भावाला तेवढा एकच नंबर पाठ होता. रिचार्ज केला नाही तर नंबर मरतो, म्हणून वार्सितो दर महिन्याला न चुकता तो जिवंत ठेवत होता. आणि याबद्दल तो कुणाशी एक अक्षरही बोलत नव्हता.

"झोपलास की काय?" आजी म्हणाल्या.

"बघतोय, बघतोय. घरी रेंज येते का तुमच्या?"

"आमच्या खोबणीत कुठली रेंज? तुमच्या गल्लीत येते का? नातवानं वायफाय बसवलंय, त्याच्यावर म्हणे आता साधे फोनही येतात. पहिल्या खाचेत त्याचं इंटरनेटचं सिम आहे, माझं दुसऱ्या. त्याचे फोन येतात की धडाधड! म्हणून तर म्हणते, फोन बिघडला नाही, पोरगाच बिघडला. तैवानला जाऊन आईला विसरला."

वार्सितो हसला. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं सेटिंग उघडलं, खाली सरकवलं, वायफाय कॉलिंगवर बोट ठेवलं.

"पोरगा नाही बिघडला, आजी. हे बघा. दोन सिम, दोन बटणं. नातवाच्या सिमचं बटण हिरवं आहे, तुमचं राखाडी. एक चालू केलं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही. तुमच्या पोरानं बिचाऱ्यानं केला असेल फोन. त्याला तिकडे बाई सांगत असेल, हा क्रमांक सेवाक्षेत्राबाहेर आहे. आणि तुम्हाला इकडे पत्ताच नाही."

"मला काहीच कळलं नसतं?"

"काही नाही. साधी टिंगही नाही."

आजींचा चेहरा क्षणात पडला. "तीन दिवस शिव्या घालतेय मी त्याला," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी नाक पुसलं आणि पुन्हा आवाज चढवला. "मग नीट कर की! आणि नीट झालं हे कसं कळायचं? तू म्हणशील झालं, मी घरी जाईन आणि परत दगड."

"झालं की. बघा, दोन्ही हिरवी."

"तुझ्या फोनमध्ये दाखव. तुझ्यासारखंच दिसलं तर मानेन."

वार्सितोनं खिशातून आपला फोन काढला. कौतुकानंच काढला. तेच सेटिंग उघडलं आणि दोन्ही फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवले. आजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तुझं तर मघाच्या माझ्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "खालचं राखाडी आहे."

वार्सितोनं पाहिलं. पहिलं सिम, हिरवं. दुसरं सिम, राखाडी. त्यानं स्क्रीन बाहीनं पुसली आणि परत पाहिलं.

त्याच्याही घरी रेंज नव्हती, पण वायफायवरून दुकानाच्या नंबरावर फोन येत होते, म्हणून त्याला कधी शंकाच आली नव्हती. जुना नंबरही दिवसभर इथे बाजारात रेंजमध्ये असायचा, बँकेचे निरोप वेळेवर यायचे. पण लेबारानच्या दिवशी दुकान बंद. त्या दिवशी तो घरी बसायचा, डोंगराच्या घडीत, थोरला होऊन. वर्षातून ज्या एका सकाळी भावाचा फोन यायचा, नेमक्या त्या सकाळी तो नंबर मेलेला असायचा. आणि हे पाच वर्षं चाललं होतं.

"आजी, तुम्ही वड्या खा," तो म्हणाला.

तो काउंटरच्या मागच्या कोपऱ्यात गेला आणि त्यानं पार्योनोचा नंबर लावला. पाच वर्षांत एकदाही लावला नव्हता. थोरल्यानं आधी फोन करायचा नसतो, हे आता त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. बराच वेळ वाजल्यावर एका तरुण मुलीनं उचलला.

"कोण?"

"पार्योनोचा फोन ना हा? मी वार्सितो बोलतोय."

"मोठे काका?" मुलगी म्हणाली. "मी विनार्ती." पार्योनोची मुलगी. त्यानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

"बाबा कुठेत, बाळ?"

"इथेच आहेत. पण त्यांना बोलता येत नाही, काका. आठ महिने झाले. मळ्यावरच पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुम्हाला कळवायचं होतं, पण..." ती अडखळली. "तुमचा फोन बंद असतो ना."

"बंद नसतो गं," वार्सितो म्हणाला.

"दर लेबारानला लावायचे बाबा. सकाळी नमाजहून आले की कपडेही न बदलता आधी तुम्हाला. पहिल्या वर्षी तर आमची बोटसुद्धा ठरली होती यायला. बाबा म्हणाले, आधी दादाला विचारतो, ये म्हणाला तर निघू. दहा-बारा वेळा लावला. मग म्हणाले, फोन बंद करून बसलाय, त्याला नको असेल. बोट राहिली. मी चिडायचे तुमच्यावर. बाबा म्हणायचे, थोरला आहे, त्याचा हक्क आहे."

वार्सितोनं भिंतीला हात टेकला. तिथे खिळ्यावर जुन्या फोनांची कव्हरं लटकवलेली होती. त्यातली दोन खाली पडली.

"या वर्षी?"

"या वर्षीही डाव्या हातानं फोन दाखवला मला. मीच लावला. ती बाई बोलली नेहमीसारखी, सेवाक्षेत्राबाहेर. बाबांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं."

खोट कुठे आहे ते सांगावं, असं वार्सितोला वाटलं. दोन बटणं असतात, एक चालू केलं की दुसरं होत नाही, हे त्यानं या बाजारात शंभर जणांना सांगितलं असेल. पण त्या पोरीला ते सांगून काय होणार होतं? आणि चार तासांचं कुठलं बटण होतं? माती द्यायची घाई त्यानं केली होती, फोननं नव्हे. पाच वर्षं तो वाट बघत होता ती भावाच्या माफीची. आपण मागायची आहे, हे त्याला एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"ऐकू येतं ना त्याला?"

"येतं. सगळं कळतं."

"फोन कानाला लाव त्याच्या. धरून ठेव."

पलीकडे खाट करकरली. मग श्वास ऐकू येऊ लागला. जड, घरघरणारा, मध्येच अडकणारा श्वास.

वार्सितोनं दुरुस्तीचं बसकं बाकडं पुढे ओढलं आणि स्पीकर चालू करून फोन त्याच्यावर ठेवला. मग गुडघे धरत धरत तो खाली बसला. साठीच्या माणसाला ते सोपं नव्हतं. आईसमोर बसायचा तसा बसला, दोन्ही हात जोडून बाकड्यावर टेकले आणि त्यावर कपाळ ठेवलं.

"पार्योनो," तो हळू आवाजात म्हणाला, "मी दादा. माझ्या हातून कळत-नकळत जे झालं, ते पोटात घाल. कळतच झालं रे. थांबायला हवं होतं मी. चार तास काही फार नव्हते."

फोनमधून घशातला एक घोगरा आवाज आला. शब्द नव्हता. पुन्हा आला, थोडा लांब. वार्सितो कपाळ न उचलता ऐकत राहिला.

काउंटरपलीकडे आजींच्या वड्या संपत आल्या होत्या. समोरचा माणूस एकाएकी दिसेनासा झाला होता.

"वार्सितो? काय पडलं रे?"

"स्क्रू, आजी," खालून आवाज आला. "बारीक आहे."

"थांब, उजेड दाखवते." आजींनी खटपट करून आपल्या फोनचा टॉर्च लावला, काउंटरवर रेलल्या आणि उजेड पलीकडे धरला. त्यांना बाकडं दिसलं, बाकड्यावर फोन दिसला, त्यावर पळणारे सेकंद दिसले आणि त्यापुढे टेकलेलं वार्सितोचं पांढरं डोकं दिसलं. जन्मभर दर लेबारानला त्यांच्या मांडीवर अशी डोकी टेकत आली होती. हे काय आहे ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आजींनी टॉर्च विझवला. वड्यांचा डबा आवाज न करता बंद केला. बाहेर कुणीतरी विचारत होतं, दुकान उघडं आहे का. आजी उठल्या, शटरपाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी ते जवळजवळ जमिनीपर्यंत खाली ओढलं.

"बंद आहे," त्या बाहेरच्याला म्हणाल्या. "सोमवारी ये."