मैनाच्या नाकातला कान

"शिष्टर, पट्टी जरा सैल बांधा. ऐकू येत न्हाय."

"अगं बये, पट्टी नाकावर आहे. ऐकू न यायला काय झालं?"

"तोच तर कान हाय," मैना म्हणाली. एवढं साधं मला कसं कळत नाही, असा चेहरा.

तसं बघितलं तर खरंच होतं. फाटलेल्या नाकपुडीची कड भरून काढायला आमच्या सर्जन नेत्रा मॅडमनी तिच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेचा तुकडा घेतला होता, दोन्ही बाजूंच्या कातडीसकट आणि मधल्या कूर्चेसकट, म्हणजे मऊ हाडासकट. नुसती कातडी लावली असती तर नाकपुडी आत बसली असती. अलिबागच्या आमच्या दवाखान्यात असलं ऑपरेशन काही रोज होत नाही. ड्रेसिंग मात्र रोज माझ्याकडे, आणि असल्या खुळ्या बोलण्याचा मला मनस्वी राग येतो.

तिची सासू कृष्णाबाई आमच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. नाक तिच्याच हातून फाटलं होतं. मैनाचा नवरा गणराज रेवदंड्याहून होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बरोबरच्या होड्या आल्या. दिवाळी गेली, शिमगा गेला. मग भावकीनं ठरवलं, दर्भाचा पुतळा करून जाळायचा, पोराला गती द्यायची. सासू सुनेची नथ उतरवायला पुढे झाली, मैनानं मान झटकली, आणि नथ मांसासकट हातात आली. वर घरच्या घरी हळद दाबली. उरलेली कडही सडून गेली.

"ह्यो तुकडा जगला तर तो जिता हाय," मैनानं ऑपरेशनच्या आधीच सासूला बजावलं होतं. "तवर पुतळा करायचा न्हाय." म्हातारी कबूल झाली होती.

पहिल्यांदा तुकडा पांढराफटक होता. मग निळा पडला, मग काळपट जांभळा.

"सडला," कृष्णाबाई पुटपुटली. ती घाबरली होती की सुटले म्हणत होती, देव जाणे.

"असाच रंग बदलतो, आजी! रक्त फिरायला वेळ लागतो," मी खेकसले.

तुकडा गार ठेवावा लागतो, म्हणून मी थंड सलाईनचे बोळे ठेवायचे. बोळा ठेवला की मैना डोळे मिटायची.

"पाणी वाजतंय," म्हणायची. "इंजान बंद हाय."

"तुझाच श्वास वाजतोय, दुसरं काय!"

तिला गप्प करायलाच एकदा मी वाकून नाकाशी कान नेला. बारीक चुबुकचुबुक ऐकू आलं, होडीच्या अंगाला पाणी लागतं तसं. मग लक्षात आलं, त्या नाकपुडीत मीच कापूस ठासला होता. श्वास येणार कुठून? मी झटकन सरळ झाले. कुणाला बोलले नाही.

आज पट्टी काढली आणि तुकडा गुलाबी! बोटानं हलकेच दाबला, पांढरा पडला, सोडल्यावर पुन्हा गुलाबी झाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

"जगला गं, मैना!"

मैना हसली नाही. कृष्णाबाई मात्र उठली. इतके दिवस तिनं त्या नाकाकडे धड बघितलंही नव्हतं. आता ती वाकली, तोंड सुनेच्या नाकपुडीशी नेलं आणि हळूच म्हणाली, "गणराजा, पुतळा न्हाय केला रे. कुठं हायस?"

त्या कडेला हलायला स्नायूच नाही. तरी ती हलली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"काय म्हणतो?" म्हातारीनं विचारलं.

मैनाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

"म्हणतो, आये, जाळ. लई थंडी वाजतेय."

कृष्णाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि खालीच बसली. मैनानं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला ओरडायचं होतं, तुकडा जगलाय, आता कसलं जाळणं! पण हातातला गार बोळा मी ट्रेमध्ये ठेवून दिला आणि कोरडी पट्टी घेतली.

मैनानं चेहरा माझ्याकडे वर केला.

"शिष्टर, आता घट्ट बांधा."