मामांचं लग्न आणि अंड्याचा पांढरा बलक

आमची आई ऐकू न येणाऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवते. सव्वीस वर्षं तेच काम. त्यामुळे आमच्या घरात कुजबुजण्याची सोय नाही. काचेच्या दारापलीकडून ती आमची कुजबुज बघते आणि उत्तर देते.

यंदा शाळेने तिचे धडे चित्रित करायचे ठरवले. कॅमेऱ्यासाठी फुकट माणूस हवा होता आणि मी तेव्हा सर्वार्थाने फुकट होतो. पहिली चाचणी पाहून हेडसर खाकरले.

"बाई, शिकवता उत्तम. पण पडद्यावर चेहरा जरा ओघळलेला दिसतो. हल्ली गालात भरून घेतात म्हणे काहीतरी. नाहीतर नव्या बाईंना उभं करू. शुक्रवारी बघू."

नव्या बाई तेवीस वर्षांच्या होत्या. मुलं त्यांना अजून अंदाजाने वाचत होती.

आई घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. धडे तिने स्वतः लिहिले होते. ते दुसऱ्याच्या तोंडून बघायची तिची तयारी नव्हती. सुई टोचून घ्यायची तर त्याहून नव्हती. रक्त तपासायचं म्हटलं तरी ती आधी मृत्युपत्राचं बोलते. मग मावशीला फोन गेला. मावशीचं पार्लर आहे.

"सुई कशाला गं, ताई? निसर्गाने सगळं दिलंय," मावशी म्हणाली आणि निसर्गाने दिलेलं सगळं तिने आमच्या फ्रिजमधून काढलं.

चार दिवस कोरफड झाली, काकडी झाली, गालांचे व्यायाम झाले. गाल फुगवायचे, आत ओढायचे, ओठांचा चंबू करायचा.

"मासा दिसतेस," मी म्हणालो.

"आणि तू मत्स्यालयात फुकट राहतोस," आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी शेवटचा उपाय झाला: अंड्याचा पांढरा बलक आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअर. पातळ थर, पंख्याखाली वाळवलेला. आईचा चेहरा ढोलासारखा ताणला गेला. दहा वर्षं खरोखरच गेली; कुठे गेली ते कळेना.

"चार तास हसू नकोस, रागावू नकोस," मावशीने बजावलं. "भावना शक्यतो घरी ठेवून जा."

चित्रण झालं. सहा मुलांना पडद्यासमोर बसवलं. मी आवाज बंद केला. चालू ठेवला असता तरी काही बिघडणार नव्हतं. पडद्यावर आई म्हणाली, "उद्या मामांचं लग्न आहे."

चौघांनी लिहिलं, 'उद्या बाबांचं लग्न आहे.' एकाने 'पापांचं' लिहिलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने बाबांपर्यंत लिहून पेन्सिल ठेवली आणि रडू लागली. घरात एवढं ठरलं आणि तिला कोणी सांगितलंसुद्धा नाही, असं ती हातांनी सांगत होती.

"चेहरा मात्र झकास आलाय," हेडसर म्हणाले.

आईने आधी त्या मुलीला जवळ घेतलं. मग हेडसरांकडे वळली.

"प, ब, म. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात, सर. म म्हणताना मी नाक आक्रसते. ब ला गाल फुगवते. मुलं तेच वाचतात. आज मी काहीच केलं नाही, तडा जाईल म्हणून."

मी तिच्या नाकाशेजारच्या आडव्या रेघा जन्मापासून पाहत आलोय. माझ्यामुळे पडल्या असतील असा माझा समज होता. त्या म च्या निघाल्या. जरा वाईटच वाटलं.

आई बेसिनवर गेली आणि घाईत तिने गरम पाणी सोडलं. अंड्याने अंड्याचा धर्म पाळला. हनुवटीवर आमलेटची सुरुवात झाली. मग मी गार पाणी आणलं आणि आम्ही दोघांनी तिचा चेहरा नखांनी खरवडून काढला. खालून तो लालबुंद, सुरकुतलेला, ओळखीचा निघाला.

तेच वाक्य पुन्हा चित्रित केलं. सहाही वह्यांत मामांचंच लग्न लागलं. रडणाऱ्या मुलीने खाली आणखी एक ओळ लिहिली होती: 'बाई, मघाशी कोण आलं होतं?'

हेडसरांनी ती वही दोनदा वाचली. मग पडद्याकडे पाहत म्हणाले, "तुम्ही थकलेल्या दिसता, बाई."

"थकलेच आहे," आई म्हणाली. "अजून एकोणचाळीस धडे आहेत. नव्या बाईंना इथे पुढे बसवा, बघू दे."

आणि मला म्हणाली, "जवळून घे रे. नाक दिसलं पाहिजे."